दूधनाथाचं नाव

बिरहा, म्हणजे घडलेल्या प्रसंगांवरची लांबलचक लोकगाणी, गाणाऱ्या लोचन यादवांची कॅसेट वाजत नाही अशी चहाची टपरी गाजीपुरात नव्हती. सगळ्यांत गाजला तो रघुनंदन मास्तरांच्या खुनाचा बिरहा. दिवसाढवळ्या कालव्यावर मास्तरांचे तुकडे करणारा गावचा प्रधान दूधनाथ कोर्टातून सुटला, पण या गाण्यातून सुटला नाही. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याचं नाव यायचं.

त्याच दूधनाथाने पुतण्याच्या तिलकाला, लग्नाआधीच्या टिळ्याला, लोचनभइयांना आणि आम्हा साथीदारांना गायला बोलावलं. नाही म्हणणाऱ्या एका ढोलकवाल्याची बोटं त्याने उसाच्या चरकात घातली होती. आम्ही गेलो.

भर दुपारी, मंडपात, मांडीवर बंदूक घेऊन तो म्हणाला, "लोचन, मास्तरचं गाणं होऊ दे."

"शुभकार्यात खून कशाला, बाबूसाहेब? दुसरं गातो."

"तेच गा. आणि माझं नाव आलं, तर नवऱ्याच्या आधी तुझी वरात निघेल."

पाहुणे हसले. लोचनभइया आम्हा चौघा साथीदारांकडे वळून पुटपुटले, "नावापाशी मी थांबेन. तुम्हीही तोंडं मिटा."

बिरह्यात गायक ओळ अर्ध्यात सोडतो, मागचे ती उचलून पुरी करतात. बावीस वर्षं मी तेच करत होतो. दोन कडवी निभावली. तिसऱ्याला भइयांच्या हातातले करताल, ताल धरायच्या वीतभर लोखंडी सळया, तापले, माझे डोळे मिटले. भइया थांबले आणि माझ्या गळ्यातून नाव खणखणीत बाहेर पडलं.



"कोण बोललं?" दूधनाथ उठला.

मी मान खाली घातली.

"मी," भइया म्हणाले. "गाणं माझं, दुसरा कोण बोलणार?"

पहिल्या गोळीने त्यांचा जबडा उडाला. तरी ते पुढे गेले आणि करतालाच्या एका घावात त्यांनी दूधनाथाचे पुढचे दात पाडले. दुसरी गोळी पोटात बसली. मग त्याच्या भावांनी पडलेल्या माणसाला लाठ्यांनी झोडपलं. मी गाण्यासाठी मांडलेल्या लाकडी तख्ताखाली शिरलो होतो. तिथून मला फक्त भइयांचे पाय दिसत होते, हलायचे थांबेपर्यंत.

पोलिसांना मी सांगितलं, नाव लोचनभइयांनी घेतलं. आता सगळा जिल्हा तेच सांगतो, छाती फुगवून.

तेराव्याला त्यांच्या बायकोने मला बाजूला बोलावलं. "भावजी, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून गेले होते, नाव घेणार नाही म्हणून. मग असं कसं केलं?"

"गाताना भान राहत नाही, भौजी," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि मला जेवायला वाढलं.