अर्क प्यायल्यावर काय होतं?

मित्रांनो, माझ्या पोटावर मापाच्या रेघा आहेत आणि तोंडाचा एक टवका उडालेला आहे. मी खोकल्याच्या औषधाची एक जुनी तपकिरी बाटली आहे. काचेची आहे, आणि त्याचा मला थोडा तोरा आहे, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्याच्या भट्टीतून मी लालबुंद बाहेर पडले, गार झाले आणि माझ्यात कडू औषध भरलं गेलं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका आत्यांनी ते नाक मुरडत संपवलं. खोकला गेला, तशी माझी आठवणही गेली. सगळा हिवाळा मी त्यांच्या खिडकीत धूळ खात पडले होते. माणूस बरा झाला की औषधाला कोण विचारतो, असं म्हणत मी मनातल्या मनात कुढत होते.

मग एके दिवशी आत्यांनी मला सोड्याच्या गरम पाण्यात खळखळून धुतलं आणि शेजारच्या लॉन्ड्रीत नेलं. लॉन्ड्री सोमवारी बंद असायची. त्या संध्याकाळी इस्त्रीच्या लांबलचक टेबलाभोवती चौघं जमायची: लॉन्ड्रीवाले काका, आत्या आणि आत्यांची दोन भाचरं. मोठी ताई दातांच्या कवळ्या बनवायची. तिच्या धाकट्या भावाला सगळे ढापण्या म्हणायचे, कारण आत्यांच्या दुकानातला सगळ्यात जाड चष्मा त्याच्याच नाकावर होता.

त्यांचा खेळ मोठा गमतीचा. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. काका जादूगार, ढापण्या चोर आणि ताई कुऱ्हाडवाला बुटका. आत्या गोष्ट पुढे न्यायच्या, आणि कोण जिंकलं, कोण हरलं ते फासे ठरवायचे. पण काकांचा जादूगार भारी लबाड! तलवारीचा घाव बसला रे बसला, की घटाघट जादूचा अर्क प्यायचा आणि पुन्हा टुणटुणीत व्हायचा.

शेवटी आत्या वैतागल्या. "औषध आहे का सरबत? प्यायलं की काहीतरी दुष्परिणाम होणारच!"

आणि माझं नशीब फळफळलं. प्रत्येकाने दुष्परिणामांच्या चिठ्ठ्या लिहून माझ्या पोटात टाकायच्या. अर्क पिणाऱ्याने एक चिठ्ठी काढायची, मनात वाचायची आणि तसं वागायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं, की आत्या टेबलावर थाप मारून "उतरला!" म्हणायच्या, आणि दुष्परिणाम तिथेच संपायचा. ज्याने ती चिठ्ठी लिहिली असेल, त्याने "माझी!" असं ओरडून डब्यातलं बिस्कीट उचलायचं.

काय दिवस होते ते! एकदा काकांना 'सगळ्यांना आजोबा म्हणायचं' अशी चिठ्ठी आली. नेमक्या त्याच वेळी एक तरुण वकीलबाई बंद दार ठोठावून आपला कोट न्यायला आल्या. काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "या आजोबा, कोट तयार आहे." बाईंनी आजोबा कुठे आहेत म्हणून मागे वळून पाहिलं. ढापण्या हसून हसून टेबलाखाली गेला.

पण हळूहळू ताईचं हसणं कमी झालं. तिला मध्यंतरी दोनदा फिट आली होती आणि डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. फिट पुन्हा आली नाही, म्हणून घरचे निर्धास्त होते. एका सोमवारी ती सगळ्यांच्या आधी आली आणि नव्या चिठ्ठ्या माझ्यात टाकू लागली. चिठ्ठी माझ्या तोंडाशी यायची आणि बाजूला पडायची. तिची बोटं थरथरत होती. तिने चिडून मूठ आवळली आणि पुटपुटली, "बस झालं. उद्यापासून गोळी बंद."

मी हादरले. मला तोंड आहे, पण त्यातून शब्द कुठे फुटतो? आता हिला पुन्हा फिट आली तर, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

खेळ सुरू झाला. ताईचा बुटका जखमी झाला, अर्क प्यायला, आणि ताईने चिठ्ठी काढली. 'प्रत्येक वाक्य गाऊन म्हणायचं' अशी ती चिठ्ठी होती. पण गाण्याआधी तिने फासे उचलले, आणि ते तिच्या थरथरत्या बोटांतून निसटून जमिनीवर घरंगळले.

"हात थरथरणं!" ढापण्या आनंदाने ओरडला.

"उतरला!" आत्यांनी थाप मारली. "कोणाची चिठ्ठी?"

बिस्कीट उचलायला कोणाचाच हात पुढे आला नाही.

"माझी नाही बुवा. माझ्या सगळ्या शिंकांच्या," काका म्हणाले.

"माझीही नाही," आत्या म्हणाल्या.

ढापण्याने फासे उचलून ताईच्या हातावर ठेवले. ते तिच्या तळव्यात खुळखुळत राहिले. "अगं ताई, ओळखलं ना मी? थांबव की आता."

"थांबत नाहीये," ताई म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

मग सगळं बाहेर आलं. "गोळ्यांनी होतंय हे. परवा एका आजींच्या कवळीचा दात खराब केला मी. हातच गेला, तर करू काय? उद्यापासून बंद करणार आहे."

"आणि परत फिट आली म्हणजे?" ढापण्याचा आवाज चिरकला. "मी रोज तर विचारतो तुला, घेतलीस का म्हणून."

"घेतलीस का, एवढंच विचारतोस. पुढचं कोण विचारतं?"

ढापण्याने मान खाली घातली. आत्या मात्र ना ताईला ओरडल्या, ना त्यांनी उपदेश केला. त्या म्हणाल्या, "हे बघ, गोळी थांबवायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. पण हाताचं त्यांना सांगायला नको का?"

"ते म्हणतील, एवढं तर होणारच."

"म्हणू देत. मी येते बरोबर. आपण पुन्हा विचारू. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठायचंच नाही!"

काका म्हणाले, "मीही येतो. बसायला माणसं वाढली की डॉक्टर लवकर ऐकतात." रडता रडता ताईला हसू फुटलं. ढापण्याने पाणी आणलं, आणि तिने त्या संध्याकाळची गोळी आमच्यासमोरच घेतली. मित्रांनो, माझ्या काचेच्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मनाने गोळी सोडली नाहीस हे फार बरं केलंस, असं ते म्हणाले, आणि त्यांनी औषध हळूहळू बदलून दिलं. लगेच काही चमत्कार झाला नाही. कितीतरी सोमवार ताईचे फासे ढापण्यानेच टाकले. पण थरथर कमी होत गेली. आता ती पुन्हा कवळ्यांचे बारीक बारीक दात घडवते. कधी दमली की हात थोडा हलतो, तेव्हा ती सरळ सांगते आणि थोडा वेळ थांबते.

मी आता म्हातारी झाले आहे. माझं बूच सैल झालं आहे, आणि मला एखाद्या दिवशी भंगारात टाकलं तरी माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी रोज औषध घेत असेल, तर "घेतलं का?" असं जरूर विचारा. पण विचारून लगेच खेळायला पळू नका. जवळ बसा, आणि घेतल्यावर कसं वाटतं, तेही विचारा.