जर्मनाच्या घरचे पुरुष

वसईतल्या होळी गावात कुणालाही विचारा, जर्मनाचं घर कुठलं, तर अळूच्या वाफ्यांपलीकडचं निळ्या खिडक्यांचं घर बोट करून दाखवतील. आणि वर, कुणी विचारलेलं नसताना, सांगतील, "त्या घरचे पुरुष टिकत नाहीत हो. पळून जाणं रक्तातच आहे त्यांच्या." लोकांचं काय जातं बोलायला! त्या घरात एक बाई तीस वर्षं एकटी राहतेय, तिला हे दर लग्नात आणि दर मयतीला ऐकावं लागतं, याची कुणाला पडलीय?

ती बाई म्हणजे रेजिना टीचर. मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवून रिटायर झाली. राग नाकावर, पण मुलांवर जीव. नवरा रॉबर्ट परदेशी मालवाहू जहाजावर होता. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अँटवर्पहून त्याचा फोन आला, "नाताळला येतो." तो शेवटचा. मागाहून कंपनीने कळवलं, तो बंदरात सामानासकट उतरला, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. सामानासकट! त्या एका शब्दावर गावाने गोरी बायको उभी केली, दोन मुलं उभी केली, बंगलासुद्धा बांधून टाकला. रेजिना म्हणायची, सामान घेऊन उतरला तो घरी यायलाच उतरला असणार. वाटेत कुणी लुटलं असेल, मारून टाकलं असेल. जिवंत असता तर आला असता.

पण मेला म्हणायची आणि मेलेल्यांत त्याचं नाव काही घालू द्यायची नाही. आमच्याकडे नोव्हेंबरात ऑल सोल्सच्या मिस्साला प्रत्येक घर आपापल्या मृतांची नावं फादरांकडे देतं. वेदीवरून ती मोठ्याने वाचली जातात, मग सगळा गाव मेणबत्त्या घेऊन कबरींवर जातो. जर्मनाच्या घरची दोनच नावं आजवर कधी वाचली गेली नव्हती. एक रॉबर्टचं. दुसरं त्याच्या खापरपणजोबाचं, ज्याच्यामुळे घराला हे नाव पडलं. खाडीवरचा रेल्वेचा पूल बांधला गेला तेव्हा तो गोरा सुतार इथे आला, इथल्या मुलीशी लग्न करून दोन पोरांचा बाप झाला, आणि एक दिवस नाहीसा झाला. पोरांना मामाने आपलं आडनाव देऊन वाढवलं.

ऑक्टोबरात रॉबर्टचा धाकटा भाऊ स्टीवन रिक्षा करून विरारहून आला. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ओटीवर टेकून त्याने आधी धाप आवरली.

"वहिनी, पुढच्या ऑल सोल्सला मी असेन की नाही, देव जाणे. भावाचं नाव एकदा वेदीवरून ऐकू दे मला."

"आणि मागच्या बाकावर कुणी हसलं तर?" रेजिना म्हणाली. "पळपुट्याचं नाव मेलेल्यांत घातलं म्हणून? मी नाही हसू द्यायची माझ्या नवऱ्याला."

"मग काय करायचं?"

"तुझा तो खापरपणजोबा मला सापडू दे. तो पळाला नव्हता, इथेच कुठेतरी मेला, एवढं हातात आलं ना की ह्या रक्ताच्या गोष्टी बंद. त्याच दिवशी रॉबर्टचं नाव देते. शब्द आहे माझा."

तिच्या शब्दाची किंमत स्टीवनला माहीत होती. चहा घेऊन तो तसाच परत गेला.

शोध तिने दोन वर्षांपूर्वीच सुरू केला होता. फादर फ्लॉईड तरुण माणूस, लॅटिन चांगलं. दुपारी धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ऑफिसात वाळवीने कुरतडलेल्या नोंदवह्या उघडून दोघं बसत. १८६४ सालचं लग्न सापडलं तेव्हा टीचरच्या डोळ्यांत पाणी आलं. कॉन्रॅड लेम्के, वय तेहेतीस, सुतार, प्रशियातल्या मेमेल गावचा, लग्नाच्या आठवडाभर आधी ख्रिस्तसभेत घेतलेला. वधू डेल्फिन, होळीची. मग दोन बाप्तिस्मे. दुसऱ्याच्या नोंदीत बापाच्या नावापुढे लिहिलेलं, परगावी. त्यानंतर कॉन्रॅड कुठल्याच पानावर नव्हता. डेल्फिनचं दफन मात्र होतं, १९०३ सालचं. कॉन्रॅडची पत्नी, एवढंच.

"बघा फादर, विधवा नाही लिहिलं," टीचर म्हणाली. "तिला खात्री होती त्याची."

फादरांनी मान हलवली. त्यांना दुसऱ्या एका बाप्तिस्म्याची घाई होती.

मग तिने सांडोर, पापडी, माणिकपूर, वांद्रे, पार डहाणूपर्यंतची चर्चं पालथी घातली. कुठेही दफन नाही. आणि कॉन्रॅडने तिला झपाटलंच म्हणा ना. एरवी संध्याकाळी सहानंतर त्या घरात आवाज म्हणजे कुकरची शिट्टी नाहीतर शेजारच्या वाडीतला पंप. आता ती जेवताना कॉन्रॅडशी बोलू लागली. "काय रे बाबा, भात हाताने खायला कुणी शिकवलं तुला? तुझ्या बोलीत शिवी द्यायला तरी होतं का कुणी जवळ?" भूगोलाची बाई ती. मेमेल आता जर्मनीत नाही, लिथुआनियात गेलंय, नावसुद्धा बदललंय, हे तिने ॲटलासात बघून ठेवलेलं. प्रशिया तर नकाशात उरलेलाच नाही. ज्याच्या गावाचं नाव गेलं नि देशही गेला, त्या माणसाची तिला फार दया यायची. चार माणसांत वावरून बोलायला कुणी नसणं म्हणजे काय, हे तिला वेगळं शिकायची गरज नव्हती.

ऑल सोल्सच्या आधीच्या रविवारी स्टीवनची मुलगी ॲनिशा लॅपटॉप घेऊन आली. मुंबईत बँकेत नोकरी, तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही, पण काकीवर माया. बापाची तब्येत बघून तिनेच हे मनावर घेतलं होतं.

"काकी, तू फक्त आपल्याच चर्चच्या वह्या बघितल्यास ना?"

"मग काय देवळात बघू?"

"अगं, प्रॉटेस्टंट! प्रशियातले बरेच लोक प्रॉटेस्टंट होते. मी सर्च केलं."

"काहीतरीच बोलू नकोस. लग्नाआधी त्याला आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेत घेतलाय. मी स्वतः वाचलंय."

"लग्नासाठी घेतला असेल, काकी. नंतर परत गेला नसेल कशावरून?"

आता बघा, ह्याच बाईने नववीच्या मुलांना धर्मसुधारणेचा धडा वर्षानुवर्षं घोकून घेतला होता. उत्तर जर्मनीत कोण, दक्षिणेत कोण, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण आपल्या घरातला माणूस कॅथलिक नसेल, हे वसईतल्या कुणाच्या डोक्यात शिरायचंच नाही. एकदा चर्चच्या वहीत आला तो कायमचा आपला, असा आमचा हिशेब. दोन वर्षं ती त्याला त्याच्या नसलेल्या दारांत शोधत हिंडली. रागारागाने तिने चहाचं आधण ठेवलं.

इंग्रज अमदानीतल्या प्रॉटेस्टंट दफनांच्या नोंदींचे फोटो कुणीतरी इंटरनेटवर घातलेले. ॲनिशाने लेम्के टाकलं. आडनाव इकडचं नाहीच, त्यामुळे फार शोधावं लागलं नाही. तिने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाली. ॲनिशा गप्प झाली म्हणजे काहीतरी झालंच. रेजिनाने गॅस बंद केला, चष्मा लावला आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

कराची, १८७२. कॉन्रॅड लेम्के, बंदराच्या कामावरचा सुतार. जन्म मेमेल, प्रशिया. वय एकेचाळीस. तापाने मृत्यू. अविवाहित.

"दुसरा कुणी असेल, काकी," ॲनिशा म्हणाली. "एका नावाची दोन माणसं असतात."

"गाव तेच, सुतारकी तीच. लग्नात तेहेतीसचा होता, आठ वर्षांनी एकेचाळीस. वजाबाकी येते मला."

"मरताना शुद्धीत नसेल. दुसऱ्या कुणीतरी अंदाजाने लिहिलं असेल."

"जन्मगाव अंदाजाने लिहिता येतं का गं? त्यानेच सांगितलं असणार. गाव आठवलं त्याला, बायको नाही आठवली."

तिचा आवाज चढला होता. डेल्फिनचा विचार तिला सहन होईना. इथून बोटीने दोन दिवसांवर नवरा पुरला गेला होता, आणि ही इकडे पुढची एकतीस वर्षं त्याची बायको म्हणून जगली. भाजी पिकवली, पोरं वाढवली, कुणी पळपुटा म्हटलं तर भांडली असेल. आणि तो तिकडे सगळ्यांना सांगत होता, मी एकटा आहे, माझं कुणी नाही. मेल्या! त्याच्याशी रोज जेवताना बोललेलं सगळं आठवून रेजिनाला भयंकर लाज वाटली.

तिने लॅपटॉप मिटला. मग तोंडावर पाणी मारलं आणि साडी बदलली.

"चल, विरारला जाऊ. तुझ्या पप्पांना सांगायचंय."

"काय सांगणार, काकी?"

"मी सांगते ना. तू मध्ये तोंड उघडायचं नाही."

स्टीवन पलंगावर उशीला टेकून बसला होता. दंडावर सुयांचे काळेनिळे डाग. वहिनीला भर दुपारी दारात बघून तो सरळ व्हायला गेला.

"सापडला," रेजिना म्हणाली. "कराचीला. कामासाठी गेला होता, तिकडेच ताप भरला."

"पळाला नव्हता?"

"नाही रे. कामावर गेलेला माणूस तो."

"आणि बायकोपोरांचं काही लिहिलंय?"

आयुष्यात कधी तिने मुलांना खोटं उत्तर खपवू दिलं नव्हतं. सनावळीत एका वर्षाची चूक झाली तरी लाल रेघ ओढायची.

"लिहिलंय," ती म्हणाली. "बायको डेल्फिन, वसईची. दोन मुलं. सगळं व्यवस्थित लिहिलंय."

ॲनिशाने खिडकीकडे तोंड फिरवलं. स्टीवन रडू लागला, हसता हसता रडू लागला. "मी म्हणत नव्हतो? आपलं रक्त तसं नाही, वहिनी. रॉबर्टही असाच कुठेतरी… घरीच यायला निघाला असणार गं तो."

"हो. फादरांना फोन लाव. दोघांची नावं दे."

शब्द पाळायचा म्हणून आली, असं तिने परतताना रिक्षात स्वतःला सांगून बघितलं. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. इतकी वर्षं ती रॉबर्ट मेला म्हणून गावाशी भांडली होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, तो जिवंत आहे. कुठल्यातरी थंड गावात, खुर्चीत बसलेला, सत्तरीचा, केस पांढरे झालेला म्हातारा. कुणी विचारलं असेल, घरी कोण कोण आहे? आणि त्याने काय सांगितलं असेल, ते तिला आता माहीत होतं. त्या रविवारी संध्याकाळी घरी येऊन तिने दार लावलं, दिवासुद्धा लावला नाही, आणि पलंगावर पडून पोटभर रडली. ऐकायला कुणी नव्हतंच.

ऑल सोल्स गुरुवारी आला. चर्च गच्च भरलं होतं. स्टीवनला ॲनिशाने चाकांच्या खुर्चीत आणलं होतं. रेजिना त्याच्या शेजारी बाकाच्या कडेला बसली. फादर एकेका घराची नावं वाचत गेले, आणि मग कॉन्रॅड, आणि मग रॉबर्ट. कुणी हसलं नाही, कुणी मागे वळूनही बघितलं नाही. स्टीवनने तिचा हात घट्ट धरला. त्याला रडू आवरत नव्हतं. तिचे डोळे कोरडे होते.

ज्यांची कबर गावात नाही, त्यांच्यासाठी दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्त्या लावतात. रेजिनाने तिथे आधी डेल्फिनसाठी एक लावली. तिची कबर केव्हाच दुसऱ्या कुणाला दिलेली. मग रॉबर्टची लावली. वाऱ्याने विझली, ती परत लावली. कॉन्रॅडसाठी स्टीवनने लावली, तिने लावली नाही.

बायका एकेक करून जवळ आल्या. तीस वर्षं आडून बोलणाऱ्याच त्या, पण आज त्यांनी तिचे हात हातात घेतले, गालाला गाल लावले, विधवेचं करतात तसं सगळं केलं. टीचरने करू दिलं. शेवटी शेजारची फ्लॉसी आली. साधी बाई, मनात येईल ते विचारणारी.

"टीचर, वाईट वाटलं गं. कळलं म्हणायचं एकदाचं. कधी गेले?"

ॲनिशा पुढे झाली, काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला. पण रेजिनाने तिला हाताने मागे सारलं.

"गेल्या रविवारी," ती म्हणाली.