सरळ रेषेतलं अंतर

तैपेईच्या विमानतळावर विमानांचे मार्ग आखून देण्यात लुआन युनलानची वीस वर्षं गेली होती. दोन विमानतळांमधलं अंतर ती अक्षांश-रेखांशांवरून आधी स्वतः कागदावर काढायची, मग यंत्राला विचारायची. म्हणून बाबा दर महिन्याला तिलाच विचारत, "छिंगदाव किती लांब गं?"

"बाराशे चव्वेचाळीस किलोमीटर. दोन तासांचंही काम नाही."

एकोणिसाव्या वर्षी चीनमधलं ते आपलं गाव सोडून सैनिक म्हणून बोटीतून इकडे तैवानला आलेले बाबा एवढ्यावर खूश व्हायचे. त्या आकड्याची चिठ्ठी त्यांनी पाकिटात जपली होती. पण आकडा सरळ रेषेचा होता, आणि तैवान-चीन थेट उड्डाणांना बंदी असल्याने त्या रेषेवरून एकही विमान जात नव्हतं. सामुद्रधुनीपलीकडे जायचं तर आधी दक्षिणेला हाँगकाँग, तिथे विमान बदलायचं, मग पुन्हा उत्तरेला. सगळा द्राविडी प्राणायाम.

"वळसा घेऊन किती होईल?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"तुमच्या हृदयाला झेपायचं नाही एवढं. थांबा ना बाबा, आज ना उद्या सरळ वाट उघडेल."

तो आकडा तिने काढलाच नाही. लेकीला आकाशातलं सगळं कळतं, असं म्हणत बाबा अकरा वर्षं थांबले. थांबता थांबताच गेले.

आता हाँगकाँगच्या विमानात त्यांच्या अस्थींचा कलश तिच्या मांडीवर होता आणि शेजारी आई होती. आई तैवानचीच. तिच्याकडची रीत अशी, की गेलेल्याला घेऊन निघालं की प्रत्येक पुलावर, प्रत्येक वळणावर हाक मारून वाट सांगायची, नाहीतर तो मागेच राहतो. विमानतळापर्यंतचे सगळे पूल युनलानने सांगितले होते.

विमान उडालं आणि डावीकडे कललं.

"वळलं. हाक मार," आई म्हणाली.

"आई, हे उलट्या दिशेला वळलंय."

"मग तसं सांग. दिशा त्यांना तुझ्याहून जास्त कळतात. ते काही खुर्चीत बसून नकाशे बघत नव्हते."

युनलानने कलशावर हात ठेवला. "बाबा, आपण दक्षिणेला वळतोय. घर उत्तरेला आहे, पण वाट इकडूनच आहे." तो आकडा तिने काल पहिल्यांदा काढला होता, आणि कागद संपायच्या आत उत्तर आलं होतं. "दोन हजार चारशे ऐंशी किलोमीटर. मधला थांबा धरून सात तास. नव्या वर्षाला तुम्ही नऊ-नऊ तास माजोंग खेळत बसायचात, बाबा. तुम्हाला झेपलं असतं."

आईने खिडकीबाहेर पाहिलं.

"खाली समुद्र लागला," ती म्हणाली. "तेही सांग त्यांना."

युनलानने सांगितलं.