तासभर बोलायचं नाही

नवरा गेला तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि घरादारानं त्याचाच धसका घेतला होता. जो येई तो "मोकळी हो गं" म्हणे. कसं व्हायचं ते मात्र कुणी सांगत नव्हतं. शेवटी धाकट्या नणंदेनं तिला उचलून बोटीवर आणलं. माणसाची वस्तीच नाही अशा बेटावर दगडालाही पाझर फुटेल, हा नणंदेचा हिशेब.

उतरण्याआधी साफसफाई झाली. बाहेरचं बी बेटावर जाऊन रुजू नये म्हणून वाटाड्यानं सगळ्यांचे बूट घासून घेतले, खिसे उलटे करून व्हॅक्यूम फिरवला.

"वहिनी, जन्मल्यावरसुद्धा मला कुणी इतकं घासलं नसेल," नणंद म्हणाली. निघाल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. वहिनीला हसू आलं नाही, आणि आलं नाही याचं काही वाटलंही नाही.

"बेटावर तासभर कुणी बोलायचं नाही," वाटाड्यानं बजावलं. "तिथल्या प्राण्यापक्ष्यांना माणसाची भीती ठाऊक नाही. जवळ आले तर हलू नका."

काळ्या वाळूवर सील पसरले होते, भरपेट जेवून लवंडलेल्या मामालोकांसारखे. पेंग्विनांची एक रांग थेट तिच्यापर्यंत आली. एकानं तिच्या बुटाची नाडी ओढून पाहिली, सुटेना म्हणून तो पायावरच ठाण मांडून बसला. शेजारी उभ्या असलेल्या एका सहप्रवासी बाईंनी आनंदानं तोंडावर हात दाबून धरला.

तिनं मन चाचपून पाहिलं. काही नव्हतं. पक्ष्याचं वजन कळत होतं, चोचीवर वाळलेला चिखल दिसत होता, बस. आपण आता कायमच्या अशाच, हे तिला पक्कं वाटलं. त्याची भीतीही वाटेना.

नणंदेला हे सगळं बघून काय वाटतंय, म्हणून तिनं वळून पाहिलं.

नणंदेचं तोंड मिटलेलं होतं आणि हनुवटी थरथरत होती. एवढा वेळ गप्प राहायची तिला सवयच नव्हती. बघता बघता ती मटकन वाळूत बसली आणि हुंदका फुटू नये म्हणून तिनं बाही दातांत धरली.

हिचा सख्खा भाऊ गेला होता, एकुलता एक. सगळं घर वहिनीच्या उशाशी पाण्याचे पेले घेऊन बसलेलं असताना ही दारात उभी राहून विनोद करत होती. तू कशी आहेस, असं हिला कुणी विचारलं नव्हतं. वहिनीनंही नाही.

तिनं पाय काढून घेतला. पेंग्विन कुरकुरत बाजूला झाला. ती वाळूत गुडघ्यांवर बसली, नणंदेचं डोकं तिनं छातीशी घट्ट ओढून घेतलं, तेव्हा कुठे तो हुंदका फुटला. वाटाड्या ओठांवर बोट ठेवून घाईघाईनं त्यांच्याकडे येऊ लागला.

वहिनीचे डोळे अजूनही कोरडेच होते.

"रडू द्या तिला," ती मोठ्यानं म्हणाली. "तिचा भाऊ गेलाय."