डोलकाठीजवळची कडी

विब्रेन तेर्पस्त्राला जहाजावर चढवायला चार माणसं लागली आणि उतरवायला सहा. चढताना तो निदान चौघांना शिव्या तरी देत होता. उतरताना तो गप्प होता आणि तेच त्याच्या लेकीला, रिन्स्केला, सहन होईना.

नव्वदीच्या म्हाताऱ्याला जहाजावर आणायचा हट्ट तिचाच. तीन वर्षं ती वर्कुमच्या गोदीत एका जुन्या लोखंडी शिडाच्या जहाजाची डागडुजी करत होती. सपाट बुडाचं, पोट सुटलेलं, जन्मभर बटाटे आणि सरपणाचा पीट वाहिलेलं जहाज. शेवटी शेवटी कुणा शेतकऱ्याने त्याचं कोठार करून टाकलं होतं. केबिनच्या फळीवर रंगाच्या सात थरांखाली 'डे होप', म्हणजे 'आशा', ही अक्षरं दिसली आणि रिन्स्केने मागचापुढचा विचार न करता ते घेऊन टाकलं. तिच्या आजोबाच्या, उल्बे तांडेलाच्या, जहाजाचं नाव 'डे होप' होतं. बापाला ती हाइत म्हणे, तिकडे लेकी म्हणतात तसं. हाइत 'डे होप'वर जन्मला होता. त्याची धाकटी बहीण गेस्के 'डे होप'वरूनच पाण्यात गेली होती.

त्या काळी तांडेलांची बिऱ्हाडं जहाजावरच असत. पोर चालायला लागलं की त्याला बांधून ठेवायचं, दुसरा इलाज नव्हता. दोरीचं एक टोक पोराच्या पाठीवरच्या पट्ट्याला, दुसरं डोलकाठीच्या बुडाशी ठोकलेल्या कडीला. आई पट्टा घालायची आणि कडीला गाठ मारायची मोठ्या भावंडाने. १९३८च्या नोव्हेंबरात एका सकाळी विब्रेनने गेस्केला बांधलं आणि तो पाव आणायला खाली गेला. वर आला तेव्हा गेस्के नव्हती आणि दोरीही नव्हती. उल्बे तांडेलाने तीनदा पाण्यात उडी मारली, तीनदा रिकाम्या हातांनी वर आला आणि निथळत म्हणाला, "गाठ सुटली." मग पोराची नजर कडीकडे जायच्या आत त्याने त्याला केबिनमध्ये कोंडलं आणि दुसऱ्या दिवशी लेमरला आत्याकडे धाडलं. विब्रेनने पुन्हा त्या जहाजावर पाऊल ठेवलं नाही. गेस्के सापडलीच नाही.

रिन्स्केला हे सगळं आईकडून कळलेलं. हाइतने कधी चकार शब्द काढला नाही. पण घरात पिशवीची असो की बुटाची, कुठलीही गाठ तो तीनदा ओढून बघायचा. जुन्या जखमेला जरा वारा लागला तर बरी होईल, असं रिन्स्केला वाटलं. असल्या शहाणपणाला काय म्हणावं!

त्या दिवशी हाइतने ना सुकाणू पाहिलं, ना नवं शीड. "डोलकाठीकडे न्या," एवढंच म्हणाला. तिथे तो चक्क गुडघ्यांवर बसला. कडी जागेवरच होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि कपाळाची शीर फुगेपर्यंत ओढली.

"ही मूळचीच?" त्याने विचारलं.

लोखंडाचं काम करणारा बौके जवळच उभा होता. साठीचा, कामात पक्का आणि तोंडाने सैल. "मूळचीच, मेनेर. रिव्हेट बघा ना, जहाजाच्या जन्माबरोबरचे. दोन घोडे जुंपा, हलली तर नाव बदलीन."

"म्हणजे गाठच," हाइत म्हणाला आणि त्यानंतर बोलला नाही.

रिन्स्केला तेव्हा उमगलं. चौऱ्याऐंशी वर्षं या माणसाने एक एवढीशी आशा जपली होती, की कदाचित कडीच निसटली असेल. ती आशा तिने त्याला हाताला धरून आणून मोडायला लावली होती.

वृद्धाश्रमात परतल्यावर त्याने जेवण सोडलं. वाटाण्याचं सूप नको, साखरपाव नको. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी होती. "हृदय थकलंय हे खरं," ती म्हणाली, "पण त्याच्यावर अजून वर्षभर निघालं असतं. त्यांनी स्वतःच आवरतं घेतलंय. तीन आठवडे धरा."

रिन्स्के गोदीत जायची ती केवळ घरी बसवत नव्हतं म्हणून. आता जहाजावर तिला भीती वाटायची. भर दुपारी ती केबिनमध्ये घासत बसलेली असली की वर लोखंडावरून काहीतरी सरपटत गेल्यासारखा आवाज यायचा. दोरीच्या टोकाला जडसं काही असावं आणि ते कुणीतरी ओढत न्यावं, तसा. वर जाऊन पाहावं तर कडी आणि तिच्याखाली साचलेलं पाणी. एकदा ती पाठमोरी उभी असताना तिच्या जाकिटाची दोरी मागून हलकेच ओढली गेली, लहान पोर ओढतं तशी. ती वळली नाही. वळायची छातीच झाली नाही.

"लोखंड थंडीत आकसतं, त्याचा आवाज," बौके म्हणाला. पण कडीजवळचं काम तो स्वतःही उद्यावर ढकलत होता, हे तिने पाहिलं होतं.

एका सकाळी त्याने तिला हाक मारली. जहाजाची नोंदणी करायची तर मोजणीचा छाप हवा. सरकारी मोजणीदार प्रत्येक मालवाहू जहाजावर एक आकडा ठोकून ठेवत आणि तो जहाजाबरोबर मरेपर्यंत राही. बौकेने मागच्या बाजूचा रंग खरवडून तो आकडा काढला होता.

"घे लिहून. आता कळेल म्हातारी कुणाकुणाच्या घरी नांदलीये ते."

"कळायचंय काय त्यात? नाव आहे की समोर."

बौकेने खरवडणी खाली ठेवली. "रिन्स्के, खरं सांग. तू एवढी तीन वर्षं नुसत्या नावावर चाललीस?"

"मग कशावर चालायचं?"

"अगं, नाव जहाजाचं नसतं, तांडेलाचं असतं! टोपीसारखं. माणूस नव्या जहाजावर गेला की टोपी डोक्यावर घेऊन जातो. माझ्या आजाची चार जहाजं झाली, चारही 'योंगे यान'. तांडेलाची नात तू, आणि हे तुला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? तिचा बाप तर त्या नोव्हेंबरापासून जमिनीवर वाढला होता.

ती त्याच दिवशी लेउवार्डेनच्या अभिलेखागारात गेली. मोजणीच्या वहीत आकडा सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बांधणी १९०७. नाव 'योहाना'. मार्च १९३९मध्ये उल्बे तेर्पस्त्राने घेतलं आणि नाव बदलून 'डे होप' ठेवलं.

मार्च १९३९. गेस्के जाऊन चार महिने झाल्यावर.

रिन्स्के वहीवर हात ठेवून बसून राहिली. हाइतने ओढून पाहिलेली कडी भलत्याच जहाजाची होती. गेस्केने या जहाजावर कधी पाऊलच टाकलं नव्हतं. मग ते सरपटणं कुणाचं? तिच्या मानेवर काटा आला. नाव टोपीसारखं आलं, तर नावाच्या मागून आणखी काही येत नसेल कशावरून?

खरं 'डे होप' त्याच मार्चात विकलं गेलं होतं आणि युद्धात मोडीत निघालं होतं. त्याचा पत्राही उरला नव्हता. पण उल्बे तांडेल आपलं जहाज स्लोटेनजवळच्या एका लहानशा गोदीत दुरुस्तीला नेत असे, आणि ती गोदी बंद पडल्यावर तिच्या कामाच्या वह्या याच इमारतीत आल्या होत्या. लोहाराच्या जाड अक्षरातलं १९३८ साल तिने पानापानाने वाचलं. दोन नोंदी तिने उतरवून घेतल्या. दुसरी उतरवून झाल्यावर तिने ती शब्दाशब्दावर बोट ठेवून पुन्हा ताडून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाइतच्या पलंगाशी बसली. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. उशाशी कालचा रस तसाच होता.

"हाइत, माझी चूक झाली. ते तुमचं जहाज नाही. आजोबांनी नंतर घेतलेलं आहे. ती कडी गेस्केची नव्हे."

तो हलला नाही.

"तुमच्या जहाजाबद्दल गोदीच्या वहीत लिहिलंय. वाचू?"

उत्तराची वाट न पाहता तिने वाचलं. "'नऊ मे. उल्बे तेर्पस्त्राचं डे होप. डोलकाठीजवळच्या कडीखालचा पत्रा गंजून पातळ. मालकाला बोट लावून दाखवला. मालक म्हणाला, पुढच्या खेपेला.'" तिने कागद उलटला. "'चौदा नोव्हेंबर. डे होप. नवा पत्रा, नवी कडी. जुनी कडी रिव्हेटांसकट उपटून गेलेली. मालक म्हणतो, काम आजच्या आज हवं.'"

बाहेर कुणाची तरी कॉफीची गाडी खडखडत गेली.

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"म्हणजे गाठ बसली होती," हाइत म्हणाला.

"बसली होती. तुमची गाठ सुटलीच नाही. कडी घेऊनच गेली ती."

तिला वाटलं, आता तो रडेल, किंवा निदान श्वास तरी सोडेल. तो हळूहळू तिच्याकडे वळला.

"दर रविवारी यायचा बाप, आत्याकडे. चर्चमधून थेट. जेवण झालं की खिशातून दोरी काढायचा. म्हणायचा, बांध. मी खुर्चीच्या पायाला बांधायचो. मग तो ओढून बघायचा. तीनदा. आणि आत्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, 'हं. आता बसली.'"

"किती दिवस?"

"दोन हिवाळे."

रिन्स्केच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाची तसबीर तिने स्वतःच्या हाताने जहाजाच्या केबिनमध्ये लावली होती. "त्यांना माहीत होतं, हाइत! नवी कडी त्यांनीच बसवून घेतली. ओढताना त्यांना माहीत होतं!"

"माहीत होतं," हाइत म्हणाला. त्याने आपले दोन्ही हात पांघरुणावर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. मग ओठ थरथरायला लागले आणि नव्वद वर्षांच्या त्या माणसाच्या तोंडून, रिन्स्केने जन्मात ऐकला नव्हता असा, बारीक आवाज आला.

"मी सहा वर्षांचा होतो गं."