ताकदीची पावडर

धसईच्या अलीकडे गुणाबाईची कोंबड्यांची शेड आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधंही कंपनीचीच. मरमर राबायचं तेवढं गुणाबाईनं. कंपनीचा सुपरवायझर रविंद्र मोटारसायकलवरून फेरी मारायचा. बाईला सख्खा भाऊ नाही, म्हणून तिनं ह्यालाच राखी बांधली. बरं, बांधली तर बांधली, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वासही टाकला, आणि तिथंच घात झाला.

पिल्लांच्या पाण्यात घालायला तो पांढरी पावडर द्यायचा. ताकदीची आहे म्हणायचा. पिल्लं खरंच टरारून वाढायची. पुढं लेक रंजिता बारावीच्या अभ्यासानं सुकून गेली, तेव्हा माउलीनं दुधातून चिमूट चिमूट तीच पावडर पोरीला पाजली. लपूनछपून नव्हे हो, रविंद्रला विचारून. तो हसला आणि म्हणाला, द्या की ताई, काय होत नाय.

पोरीला लघवीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप आला. मुरबाडच्या दवाखान्यात नेहमीची इंजेक्शनं दिली, पण ताप काही हलेना. जंतू रक्तात उतरले होते. आधी कसलं औषध घेतलं होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. औषध कसलंच नाय, गुणाबाई म्हणाली, फक्त कोंबड्यांची ताकदीची पावडर. अहो, असल्या पावडरीत जंतू मारायचं औषधच घातलेलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. जंतूला भिंत असते. वाढताना ती सारखी बांधावी लागते, आपण घराच्या कुडाला कारवीच्या काठ्या बांधतो तशी. औषध त्या बांधणाऱ्या हातांनाच अडकवून ठेवतं, भिंत कच्ची राहते, आणि जंतू पाणी शिरून फुटतो. पण औषध चिमटीनं मिळालं की कच्चे जंतू मरतात आणि औषधाचेच तुकडे करणारे उरतात. मग त्यांचीच पिल्लावळ वाढते. तुमच्या पावडरीत काय होतं ते मला आत्ता कळलं पाहिजे, त्या म्हणाल्या, तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायला पोरीकडे वेळ नाही.

गुणाबाई दवाखान्याबाहेर धावली. तिनं रविंद्रला फोन केले, एकही उचलला नाही. संध्याकाळी मात्र तो स्वतःच दवाखान्यात आला. भाऊ आला, असं वाटून तिचे डोळे भरून आले. तो तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाजारातून आणली म्हणून सांगा ताई. माझं नाव घेऊ नका."

म्हणजे मेल्याला सगळं ठाऊक होतं. पहिल्या चिमटीपासून ठाऊक होतं.

"पोरगी कशी हाय, एवढं तरी इचारायचंस रे," गुणाबाई म्हणाली. मग तिनं त्याची बाही घट्ट धरली आणि त्याला रंजिताच्या खाटेपाशी ओढत नेलं. डॉक्टरीणबाई नवी बाटली सलाइनला जोडत होत्या.

"हा माझा भाऊ," ती म्हणाली. "आमी पोरीला काय पाजलं, ते ह्याला ठाव हाय."

रविंद्रनं खाली मान घालून एका औषधाचं नाव सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि आणखी काय, असं विचारलं. त्यानं दुसरं नाव सांगितलं. हातातल्या नव्या बाटलीवरही तेच नाव होतं.

बाईंनी जोडायला घेतलेली बाटली परत ट्रेमध्ये ठेवली आणि नर्सला कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं.

"ताई, मला वाटलं नव्हतं..." रविंद्र पुटपुटला.

"ताई नको म्हणूस," गुणाबाई म्हणाली, आणि पोरीच्या अंगावर चादर गुंडाळू लागली.