इन आला, अर्थ उलटा झाला

विजयमाला बाईंच्या हाताखालून निम्मं सोलापूर इंग्रजी शिकून गेलं, असं खुद्द बाईंचंच म्हणणं. निम्मं नसेल, पण दोन-चार पेठा तरी नक्कीच. बाईंचं हत्यार एकच, उपसर्गांचा तक्ता. फळ्याशेजारी चिकटवलेला भला मोठा कागद, त्यावर लाल स्केचपेननं अन, डिस, मिस, इन, आणि प्रत्येकासाठी वर्गानं एका सुरात म्हणायची एक ओळ. इनची ओळ सगळ्यांची लाडकी होती. "इन आला, अर्थ उलटा झाला!" करेक्टचं इनकरेक्ट, डायरेक्टचं इनडायरेक्ट, व्हिजिबलचं इनव्हिजिबल. मुलं बाकावर ठेका धरून ओरडायची. शब्द पाठ करत बसू नका, पुढचा उपसर्ग बघा आणि बेधडक लिहा, असं बाई सांगायच्या. मार्कही पडायचे, ते काही खोटं नाही.

दाक्षायणी याच तक्त्यासमोर बसून शिकली. शाळेचे शिपाई शंकरप्पा यांची ती एकुलती एक मुलगी. शंकरप्पांनी चौतीस वर्षं शाळेची घंटा वाजवली. लेकीनं मात्र दहावी-बारावी करून टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामावर सुपरवायझरपर्यंत मजल मारली. इंग्रजीतली लेबलं ती घडाघडा वाचायची आणि त्याचं श्रेय दर गुरुपौर्णिमेला फोन करून बाईंना द्यायची.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिचा असाच एक फोन आला. गुरुपौर्णिमा नव्हती आणि बाई वार्षिक परीक्षेच्या पेपरांत मानेपर्यंत बुडालेल्या.

"बाई, इनव्हॅल्युएबल म्हंजे काय हो?"

"व्हॅल्यू म्हणजे किंमत. पुढं काय आला?"

"इन."

"मग? तक्ता विसरलीस काय गं?"

"म्हंजे... किंमत नसलेलं?"

"शाब्बास," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून पुढचा पेपर ओढला.

मोबाईलवर बघितलं असतं तर अर्धं मिनिट लागलं नसतं. पण बाई असताना मोबाईलला कोण विचारतो?

त्याच जूनमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या तरुण मॅडमनी फळ्यावर नेमका तोच शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. बाईंनी पहिल्या रांगेतून खणखणीत उत्तर दिलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "नाही मॅडम, इथं फसायला होतं," त्या तरुण मॅडम गोडीनं म्हणाल्या. "ज्याची किंमत करता येत नाही इतकं मोलाचं, ते इनव्हॅल्युएबल." बाईंचे कान तापले. त्यांना दाक्षायणीचा फोन आठवला. संध्याकाळी कळवू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी वाटलं, पेपरात कुठंतरी वाचला असेल तिनं शब्द, एवढं काय त्यात. आठवड्यानं वाटलं, आता कळवलं तर हसेल. त्या वर्षी गुरुपौर्णिमेला तिचा फोन आला नाही, तेव्हा बाईंना हायसं वाटलं. हे हायसं वाटणंच पुढं त्यांना सगळ्यात जास्त बोचलं.

तक्त्यातली ओळ त्यांनी बदलली नाही. "अपवाद परीक्षेत येत नाहीत," असं त्या स्वतःलाच सांगत राहिल्या.

यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली. कार्यक्रमाची सुरुवात शंकरप्पांच्या हातच्या घंटेनं करायची असं ठरलं. पण निवृत्तीनंतर ते शाळेची पायरी चढले नव्हते. झेंडावंदनाला नाही, गॅदरिंगला नाही. निमंत्रण नेणाऱ्याला "तब्येत बरी न्हाय" असं सांगून दोनदा परत पाठवलेलं. बाई म्हणाल्या, मी आणते त्यांना, मुलगी माझी विद्यार्थिनी आहे.

दार दाक्षायणीनंच उघडलं. वाकून नमस्कार केला, पाणी दिलं. अप्पा दुकानापर्यंत गेलेत म्हणाली. कार्यक्रमाचं नाव काढताच मात्र तिचा चेहरा आवळला.

"बाई, तुमच्यावर राग न्हाय. पण शाळेनं अप्पांना असं करायला नको हुतं."

"काय केलं शाळेनं?"

तिनं कपाटातल्या साड्यांच्या खालून एक जाड कागद काढून बाईंच्या हातात दिला. दोन वर्षांपूर्वीच्या निरोप समारंभातलं मानपत्र. वर शाळेचं बोधचिन्ह, खाली तेव्हाच्या मुख्याध्यापकांची सही आणि मध्ये टपोऱ्या इंग्रजीत चौतीस वर्षांच्या 'इनव्हॅल्युएबल सर्व्हिस'बद्दल आभार. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"अप्पा फ्रेम करायला निघाले हुते," दाक्षायणी सांगू लागली. "आधी वाचून दाखव म्हणाले. त्या शब्दाशी मी अडकले, म्हणून तुमाला फोन केला. मग त्यांना काय सांगू? छान लिवलंय म्हणाले आनि कागद लपवला. पण माझं तोंड बघून कळलं त्यांना. फ्रेमचं नाव पुन्ना काढलं न्हाय."

खरं बोलायची हीच वेळ होती. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते असं: "छपाईत चूक झाली असेल गं. मी शाळेत बोलते, नवं मानपत्र करून देऊ."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची किळस आली.

"चूक न्हाय बाई," दारातून आवाज आला. शंकरप्पा चप्पल काढत होते. "बर्री, या की, बसा. उठू नका. कागदात लिवलंय ते खरंच हाय."

"अप्पा, तुमी गप बसा की."

"दोन वर्सं गपच हाय." ते भिंतीला टेकून खाली बसले. "बाई, लई वर्सं झाली. जानेवारीत परीक्षा चालू हुती. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या नंदीध्वजाच्या सरावाला जायचं हुतं, तवा आमी तरणे, खांद्यावर ध्वज घ्यायची हौस दांडगी. मी घंटा सात मिनिटं आधी वाजवली. सगळ्यांचे पेपर काढून घेतले. एक पोरगी व्हरांड्यात उभी राहून रडत हुती, येत हुतं पण लिवायचं राहिलं म्हनून. मी कुनाला सांगितलं न्हाय. हिचं तोंड बघितलं आनि वाटलं, कागदात वाईट लिवलंय, म्हंजे कळलं शाळेला. शेवटी कळलं. म्हनून तिकडं यायला तोंड न्हाय मला."

बाई ऐकत होत्या. एका शब्दाचा खोटा अर्थ या माणसानं लेकीच्या चेहऱ्यावर वाचून खरा मानला होता, आणि आपल्या सात मिनिटांची शिक्षा म्हणून दोन वर्षं निमूट भोगला होता. आता गप्प राहिलं तर आपल्यासारखं नीच कुणी नाही, असं त्यांना स्वच्छ दिसलं.

"शंकरप्पा, शाळेला काही कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि छपाई बरोबर आहे. चूक माझी आहे. मी दाक्षायणीला चुकीचा अर्थ सांगितला. त्याचा अर्थ... अनमोल."

शंकरप्पांनी तो शब्द तोंडात घोळवला. "अनमोल. म्हंजे मोल न्हाय असं न्हवं, मोल करता येत न्हाय असं."

"हो."

"हे तर मला बी कळतं की बाई. मराठीतच हाय."

बाईंना वर बघवेना. अनमोल. आपल्याच भाषेतला शब्द, त्यालाही पुढं 'अन' लागलेला, आणि अर्थ उलटा झालेला नाही. साता समुद्रापलीकडची भाषा शिकवताना एकदा घरात डोकावून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

दाक्षायणी इतका वेळ कागदाकडं बघत होती. "बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमाला हे कळलं कदी?"

आज, असं म्हणता आलं असतं. कुणी पडताळायला जाणार नव्हतं.

"त्याच जूनमध्ये," बाई म्हणाल्या. "फोन करावा असं वाटलं होतं. लाज वाटली."

"करायचा हुता की बाई." तिचा आवाज फुटला. "मी शाब्बास ऐकून फोन ठेवला आनि मोरीत जाऊन रडले. अप्पांच्या चौतीस वर्सांना शाब्बास."

बाईंचे डोळे भरून आले.

शंकरप्पांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. मग बाईंकडं बघून, जराही खोचक न होता, ते म्हणाले, "मी घंटा सात मिनिटं आधी वाजवली बाई. तुमी दोन वर्सं उशिरा. चालायचंच. कार्यक्रम किती वाजता हाय?"

"दहाला," बाई कशाबशा म्हणाल्या.

"मग दहालाच वाजवू."

दाक्षायणीनं डोळे पुसले, आतून पेन आणलं आणि मानपत्र बाईंसमोर पाटावर ठेवलं. "खाली अर्थ लिवून द्या, मराठीत. मग फ्रेम करते."

बाईंनी सहीच्या खालच्या मोकळ्या जागेत जपून 'अनमोल' लिहिलं, आपलं नाव घातलं आणि कागद परत केला.

तिनं तो वाचला आणि पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

"तारीख राहिली बाई," ती म्हणाली. "आजची घाला."